ययाति, पहाटे पाच ते रात्री दहा

पहाटे ५.१०
गल्लीत पाणी आलंय. मोरीत नळ सुरू आहे, खाली कळशी. ती भरली की पिंपात ओतायची, मग दुसरी. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कागद खिडकीच्या गजात खोचून ठेवलेत. पोरं झोपलीत, त्यामुळे आवाज दबका. ओठ मात्र हलतायत.

चौतीस पानं आहेत. झेरॉक्स दोन रुपये पान, अडुसष्ट झाले. स्पायरलचे चाळीस. एकशे आठ रुपये त्यानं स्वतःच्या खिशातून घातलेत. पहिल्या पानावर ठळक अक्षरात ‘ययाति’ असं लिहिलंय. खाली कुणाचंच नाव नाही.

हा माणूस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. लेथवर उभं राहून बिडाचे जॉब करतो. संध्याकाळी सातनंतर तो ययाति असतो. सव्वा तासाचा एकट्याचा प्रयोग, पुढच्या महिन्यात. सगळी गोष्ट राजाच्या तोंडून. देवयानी नाही, शर्मिष्ठा नाही, शुक्राचार्यही नाहीत. रंगमंचावर एकटा तो.

बायको तव्यावर भाकरी टाकत ऐकतेय. तिचं निम्मं अर्धं पाठ झालंय.

“अहो, अकराव्या पानावर ‘माझा नाइलाज होता’ तीनदा आलंय.”

“तीनदाच हाय. लिवलंयच तसं.”

“मग तो काहीतरी लपवतोय.”

तो कळशी उचलता उचलता थांबला. मग ओतली. पण पुढची दोन पानं त्यानं म्हटली नाहीत.

सकाळी ७.२०
फुलेवाडीहून निघायचं, रंकाळ्याच्या कडेनं शहरात शिरायचं. डिसेंबर आहे. गळीत हंगाम सुरू आहे. रस्त्यात उसानं भरलेल्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन. त्यांना ओलांडायला जागा सापडेपर्यंत मोटरसायकल दुसऱ्या गिअरवर. शंभराचं पेट्रोल तीन दिवस पुरतं. तालमीला जाणं सुरू झाल्यापासून अडीच.

टाकीवर पिशवी. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, स्पायरल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वाचनालयाचं पुस्तक. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आहे. इथं कादंबरी वाचायला पदवी लागत नाही, वर्गणी लागते.

सकाळी ८.००
पत्र्याची शेड. तीन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. दारात फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचा ढीग, रात्रीच्या गारठ्यानं थंडगार. हातात घेतलं की हाडापर्यंत गारवा जातो.

जॉब साधा आहे. बिडाचा बुश. चकात धरायचा, तोंड साफ करायचं, बाहेरून टर्निंग, आतून बोअर, मग फिरवून दुसरं तोंड. साडेचार मिनिटांत एक नग झाला पाहिजे. दिवसाला एकशे दहा. नगामागे मालकाला सोळा रुपये मिळतात. त्यातून वीज, टूल, भाडं, टेम्पो. ह्याला दिवसाचे सहाशे ऐंशी. हेल्पर पोराला चारशे.

बीड कोरडंच कापतात. पोलादासारख्या त्याच्या लांब कुरळ्या पट्ट्या निघत नाहीत. काळी भुकटी उडते. ती भुवयांत बसते, नाकात जाते, थुंकीत दिसते. म्हणून तोंडाला रुमाल. आणि रुमालाआड ओठ चालू. लेथच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पाठांतराला अख्ख्या कोल्हापुरात ह्याहून चांगली जागा नाही, असं तो म्हणतो. मला पटलं. घरात पोरं उठतात, रस्त्यात लोक बघतात. इथं राजाला हवं तेवढं बोलता येतं.

मी घड्याळ लावून पाहिलं. एका नगात साधारण एक परिच्छेद बसतो. मायक्रोमीटर लावताना मात्र तो गप्प होतो. दोन शतांश मिलिमीटरचा फरक चालतो, तीनचा नाही.

सकाळी १०.३०
चहा. कटिंग दहा रुपये, मालकाच्या खात्यावर. ह्या वेळच्या एका चहाचंच खातं असतं. दुपारचा आपापला.

हेल्पर पोरगा एकोणीसचा. आजरा भागातला. त्याला गोष्ट ठाऊक नाही. कास्टिंगवर बसून टर्नर सांगतो.

“दोघी मैत्रिणी. एक गुरू शुक्राचार्यांची लेक, देवयानी. दुसरी राजाची लेक, शर्मिष्ठा. आंघुळीला गेल्या. वाऱ्यानं कापडं एक झाली. हिची तिनं घातली. झालं भांडण. शर्मिष्ठेनं देवयानीला ढकललं हिरीत आन गेली निघून.”

“पाण्यात?”

“पाणी नव्हतं. कोरडी हीर. तवर आला ययाति. शिकारीला आलेला, तहान लागलेली. वाकून बघतोय तर आत पोरगी. तिनं उजवा हात वर केला. ह्यानं धरला, काढली भाइर.”

“आन लगीन केलं.”

“न्हाई. काढली आन गेला घरला.”

पोरानं कप खाली ठेवला. “असंच?”

“असंच. ती मागनं म्हणाली, तू माझा हात धरलायस, आता दुसरा कोण धरणार. तवा झालं लगीन. शर्मिष्ठेला दासी करून संगं आणली. सासऱ्यानं बजावलं होतं, हिला शेजेवर बोलवायचं न्हाई. ह्यानं तेच केलं. चोरून. तीन पोरं झाली. बायकोला कळलं, सासऱ्यानं शाप दिला, तिथंच म्हातारा झाला. मग आपल्या पोरांकडं तरुणपण मागत फिरला. चौघं न्हाई म्हणाली. धाकट्यानं दिलं.”

“मामा, आन तुम्ही ह्या माणसाचं काम करताय?”

“व्हय. मीच.”

भोंगा नाही इथं. मालकाच्या खुर्चीचा आवाज आला की चहा संपला.

दुपारी १.००
डब्यात भाकरी, वांगं, लसणीची चटणी. हात आधी भुशानं चोळले, मग साबणानं. तरी नखांच्या कडा काळ्याच. म्हणून पुस्तकाची पानं तो बोटाच्या मागच्या बाजूनं उलटतो.

पुस्तक खांडेकरांचं. ‘ययाति’, १९५९. सांगलीत जन्मलेले, शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिक्षक असलेले वि. स. खांडेकर १९३८ साली कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. ह्या कादंबरीला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, ते मराठीला मिळालेलं पहिलं. पुढं दृष्टी गेली, तरी सांगून लिहवून घेण्याचं काम चाललं. विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. टर्नर तिथं पोरांना घेऊन जाऊन आलाय.

महाभारताच्या आदिपर्वात ही गोष्ट वैशंपायन सांगतात. ययाति तिथं बोलतो, पण गोष्ट त्याची नाही. खांडेकरांनी त्याला ‘मी’ दिला. देवयानीला दिला, शर्मिष्ठेलाही दिला. देवयानीनं आधी जीव लावलेल्या कचाला परत आणलं, थोरल्या भावाला, यतीला, मोठं केलं. पण कादंबरीचं नाव राजाचं आणि अब्रूही पणाला लागते ती राजाचीच.

ह्या जिल्ह्यात हे आणखी दोनदा घडलं. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कोल्हापुरात शिक्षकाची नोकरी करत कर्णाला बोलतं केलं. ‘मृत्युंजय’, १९६७. कोवाडच्या रणजित देसाईंनी १९७३मध्ये ‘राधेय’ लिहिली. चौदा वर्षांत तीन पुस्तकं, आणि तिन्हींत महाभारतातला एकेक पुरुष आपल्या बाजूनं उभा. पण कर्णाच्या बाजूनं उभं राहायला वाचक आधीच तयार असतो. त्याच्यावर अन्याय झालेला आहे. ययातीवर कुणी अन्याय केलेला नाही. त्यानं केला. त्याची बाजू सांगणं म्हणूनच अवघड, आणि माझ्या मते तिघांत जास्त धाडसाचं काम खांडेकरांचंच.

मग टर्नरचं नाटक मंडळ सरळ कादंबरीच का करत नाही? खांडेकर १९७६मध्ये गेले. हक्क २०३६च्या डिसेंबरअखेर शाबूत आहेत. परवानगी मागता येते, मानधन देऊन करता येतं. चार माणसांच्या ह्या मंडळात प्रत्येकाची महिन्याची वर्गणी पाचशे. त्यात फक्त भाडं आणि चहा निघतो. म्हणून त्यांच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणतात, थेट आदिपर्वाकडे गेल्या आणि स्वतःची संहिता लिहिली. महाभारतावर कुणाचा हक्क नाही. खांडेकर त्यांनी सगळ्यांना वाचायला मात्र लावले. वाचा, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्याकडे आणू नका, असं सांगून.

दुपारी ३.१५
खट् असा आवाज. कास्टिंगमध्ये कडक डाग होता, टूलची धार तुटली. ह्या टूलच्या टोकाला कार्बाइडची छोटी चकती असते. तिला चार धारा. एक गेली की फिरवून दुसरी लावायची. चकती एकशे ऐंशीची, म्हणजे धारेला पंचेचाळीस रुपये. जवळजवळ तीन नगांची मजुरी.

तो स्क्रू सैल करतो, चकती फुंकतो, फिरवतो, पुन्हा कसतो. पहिला नग काढून मापतो. चार शतांश जास्त. नग अजून जाड आहे, एक हलका हात फिरवून माप येईल. फिरवतो. येतं. कमी झाला असता तर भंगारात गेला असता. बाहेरचं माप असं एका बाजूनंच दुरुस्त होतं.

मालक लांबूनच विचारतो, “किती झाले?”

“एकूणऐंशी.”

मालक काही बोलत नाही. वाईट माणूस नाही. प्रयोगाची दोन तिकिटं त्यानं आताच सांगून ठेवलीत. पण टेम्पो साडेपाचला येतो आणि तो थांबत नाही.

संध्याकाळी ५.३०
एकशे सहा. चार कमी. उद्या सकाळी आधी ते काढायचे. मशीन पुसायचं, भुकटी झाडून पोत्यात भरायची. ती पण वजनावर जाते. पोरगा झाडतो, हा तेलाची बुधली फिरवतो.

हात पुन्हा धुवायचे. आता नीट. आधी थोडं रॉकेल, मग भुसा, मग कपड्याचा साबण. उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली जुनी चीर आहे, तिथं काळं कायमचं बसलंय. बाईंनी पहिल्या दिवशी हात पाहिले तेव्हा तो म्हणाला होता, प्रयोगाच्या आधी दोन दिवस सुट्टी टाकतो, घासून काढतो. त्या म्हणाल्या, राहू दे. राजानं धनुष्य ओढलंय, लगाम धरलेत. त्याचा हात कापसाचा नसणार.

संध्याकाळी ७.१५
मंगळवार पेठेतल्या शाळेची एक खोली. संध्याकाळचं भाडं तीनशे. बाकं भिंतीकडे सरकवली की समोर सहा पावलांची जागा मिळते. एका बाजूला शिक्षकांचा लाकडी चौथरा, गुडघाभर उंच. ती विहीर.

मंडळातली उरलेली माणसं दोन. दिव्यांचं बघणारा पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. संगीत बघणारी मुलगी बँकेत. ती अजून आलेली नाही, महिनाअखेर आहे.

विहिरीच्या प्रसंगाची सुरुवात बाईंनी अशी केलीय: ‘मला तहान लागली होती. एवढंच खरं. विहीर कोरडी निघाली.’ तीन वाक्यं. तो चौथऱ्याच्या कडेशी येतो, वाकतो, उजवा हात खाली घालतो आणि न दिसणाऱ्या देवयानीला वर ओढतो. मग पुढचं वाक्य, तिचं रूप पाहून आपण कसे खिळून राहिलो, ह्याचं.

बाईंनी थांबवलं. “हात रिकामा दिसतोय. तू काहीच उचलत नाहीयेस.”

त्यानं पुन्हा केलं. ह्या वेळी जोर लावून, खांद्यातून.

“ती पोरगी आहे रे. कास्टिंग नव्हे.”

चारपाचदा झालं. मग दिवेवाल्याला त्यांनी चौथऱ्याखाली जमिनीवर उताणा झोपवला. “तू देवयानी. हात वर कर. आणि तू त्याला खरंच उचल. एका हातानं.”

पोरगा साठ किलोचा तरी असेल. एका हातानं तो उठेना. टर्नरनं गुडघे टेकले. तरी नाही. डावा हात चौथऱ्याच्या कडेला रोवला, छाती पार खाली नेली, मनगट नाही तर मनगटाच्या वरचा भाग पकडला. आता हलला. अर्धा उठला. टर्नरची मान बाजूला वळलेली, गाल फळीला टेकलेला, डोळे जमिनीकडे.

“तसाच थांब,” बाई म्हणाल्या. “काय दिसतंय?”

“फळी.”

“तिचं तोंड?”

“न्हाई दिसत. हात दिसतोय. कोपरापर्यंत.”

“नखं?”

“दिसत्यात.”

खोलीत कुणी बोललं नाही. पोरगा अधांतरी लटकलेला, त्याला आधी सोडवलं. मग बाईंनी पिशवीतून महाभारताची प्रत काढली. विहिरीतून देवयानी म्हणते, हा माझा तांबूस नखांचा उजवा हात धर आणि मला वर काढ. हे त्यांनी पूर्वी कितीदा वाचलेलं. त्या नखांकडे लक्ष गेलं ते आज. वरून वाकलेल्या माणसाला जे दिसेल तेच तिथं सांगितलंय.

“म्हणजे रूप पाहून खिळून राहिलो हे त्यानं नंतर जुळवलेलं आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. “तेव्हा त्याला एक हात दिसला. तो त्यानं ओढला. दमला असेल. त्याचं पाणी प्यायचं राहिलेलंच.”

“म्हणून गेला घरला,” टर्नर म्हणाला.

पान सातवरच्या चार ओळी त्यांनी खोडल्या.

माझ्या मनात आलं, हे दुसऱ्या कुठल्याही बाजूनं लिहिताना सापडलं नसतं. देवयानीला तो पूर्ण दिसला होता. आकाशाच्या तुकड्यावर एक चेहरा, आणि तिच्याकडे येणारा हात. तिनं त्या चेहऱ्याशी लग्न केलं. तिकडे त्याच्या वाट्याला कोपरापर्यंतचा हात. पुढं दोघांच्या संसाराचं जे झालं त्याचं बी इथं आहे, आणि त्यात दोघांपैकी कुणाची लबाडी नाही. लबाडी नंतर येते. पण ती येण्याआधी हा माणूस फक्त तहानलेला होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

रात्री ८.४०
चहा, भडंग. बँकेतली मुलगी आली, तिनं आणलं.

टर्नरनं सकाळचं बायकोचं म्हणणं सांगितलं. नाइलाज तीनदा.

“राहू दे तीनदा,” बाई म्हणाल्या. “पण तू तिन्ही वेळा खरं मानून म्हण. प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावायचा नाही. तो खोटं बोलत नाही. निवडून सांगतो. तुझ्या बायकोला कळलं ना? मग सगळ्यांना कळेल.”

तिच्या नावानं तिकीट काढायचं नाही, तिला पहिल्या रांगेत बसवायचं, असंही ठरलं.

रात्री ९.०५
मुलांकडे तरुणपण मागण्याचा प्रसंग. यदु नाही म्हणाला. तुर्वसु, द्रुह्यु, अनु, तिघंही नाही म्हणाले. प्रत्येकाला वेगळा शाप, आणि ते देताना ह्याचा आवाज चढत जातो. हे त्याला छान जमतं. दिवसभर रुमालाआड दाबलेला आवाज इथं मोकळा होतो. खिडकीच्या काचा थरथरतात.

मग पूरू. सगळ्यात धाकटा. तो घ्या म्हणतो.

इथं टर्नरचा गळा दाटला. त्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे. बाईंनी वाट पाहिली, मग म्हणाल्या, “रडू नकोस. तू बाप म्हणून रडतोयस. ययाति त्या क्षणी रडलेला नाही.”

“मग काय केलं त्यानं?”

“त्याला आनंद झाला.”

तो बराच वेळ उभा राहिला. स्पायरल बाकावर उपडं ठेवलं. पुन्हा सुरू केलं. पूरूनं हो म्हटल्यावर त्यानं मान वर केली आणि हसला. पगार हातात पडल्यावर माणूस हसतो तसा. त्यात पोराचा विचार कुठंच नव्हता. मला बघवेना. बँकेतल्या मुलीनं मोबाइलवर लावायचं संगीत लावलं नाही, विसरली की मुद्दाम, ते कळलं नाही.

“हे,” बाई म्हणाल्या. “हेच ठेव.”

नायकाच्या तोंडून गोष्ट सांगायची म्हणजे त्याला सोडवायचं, असं पुष्कळांना वाटतं. ह्या खोलीत उलटं चाललेलं मी पाहिलं. वकील नाही, न्यायाधीश नाही, शेवटी माफी मागणारा उताराही नाही. तो होता पहिल्या खर्ड्यात. बाईंनी दुसऱ्यात काढला.

रात्री ९.५०
हिशेब. खोलीचे तीनशे, चहा-भडंग एकशे दहा. डब्यात वर्गणीचे एक हजार चाळीस होते, उरले सहाशे तीस. दिव्यांचं भाडं अजून द्यायचंय. दिवेवाला म्हणाला, दोन दिवे माझ्या मित्राकडून फुकट आणतो, वाहतुकीचे तेवढे द्या. पुढची तालीम गुरुवारी. शाळेच्या शिपायाला किल्ली द्यायची, बाकं परत लावून. बाकं लावायला पंधरा मिनिटं गेली.

पान सात आता नवीन लागणार. बाई म्हणाल्या, घरी जाऊन लिहिते, उद्या फोटो पाठवते. हा म्हणाला, आत्ताच द्या, सकाळी मशीनवर म्हणायला पाहिजे. मग त्या बाहेर उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर वही ठेवून, रस्त्यावरच्या दिव्याखाली, उभ्यानंच लिहायला लागल्या. सहा ओळी. पान फाडून दिलं.

त्यानं वाचलं. एकदा मनात, एकदा ओठांनी.

“बाई, ‘ती बिचारी’ म्हणतोय इथं.”

“मग?”

“त्याला तवा तसं वाटलं नसणार. बिचारी आपण म्हणतो.”

त्यांनी पेन पुढं केलं. त्यानं कागद मोटरसायकलच्या टाकीवर धरला, ‘बिचारी’ खोडलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि किक मारली.